टॅक्स आम्हीच भरतो

'आमच्या टॅक्सवर जगता लेकहो!' स्कॉलरशिपचं, घरकुलाचं नाव निघालं की हे वाक्य थुंकीसारखं अंगावर येतं. मेहकरच्या बाजारात येतं, मुंबईच्या गोदीतही येतं. तर दोस्तांनो, हिशेबच मांडू.

मेहकर तालुक्यातल्या कुठल्याही बौद्धवाड्यात रमाई आवासचं घरकुल बांधायला घ्या. सिमेंटवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता, आता १८ आहे. गोणी ३५० ची धरली तर त्यात ५३ रुपये सरकारचे. शंभर गोण्यांचे ५३००. लोखंडावरही १८. अनुदान द्यायचं रमाईच्या नावानं आणि दुकानदाराच्या गल्ल्यातून परत ओढायचं. वरून उपकार! आणि हा बांधणारा माणूस 'टॅक्सपेयर' नाही म्हणे.

पंडित सांगतात, वस्तूवरचा कर चांगला. चुकवता येत नाही, वसुली सोपी, सगळ्यांना सारखा. चुकवता येत नाही हे खरंच, भूक कोण चुकवतो? जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पॅकबंद पिठावर ५ टक्के. मजुराला ५, बिल्डरलाही ५. पण मजुराची मजुरी आठवड्यात सगळी बाजारात जाते. बिल्डरची उरते, जमिनीत जाते, शेअरात जाते, आणि त्या उरलेल्याला हा कर शिवत नाही. करसुद्धा शिवाशिव पाळतो बापा!

बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बजेटवर बोलताना हेच धरलं होतं. जमीनमहसूल दोन एकरवाल्यालाही सोडत नाही, आयकर मात्र ज्याची कमाई नाही त्याला सोडतो. जशी ऐपत तसा कर. पुढं झालं उलटंच. २०१५ च्या बजेटात संपत्तीकर काढून टाकला, २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांचा दर ३० वरून २२ वर आणला.

आयकरही काही धुतल्या तांदळाचा नाही. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. पोरासुनांच्या नावानं शंभर एकर करणारा त्यातून सुटतो, त्याच्या बांधावर राबणारी बाई साबणावर कर भरते.

आणि व्यवसायकर! रोजगार हमीसाठी १९७५ साली बसवला, हेतू चांगलाच होता. पण घटनेनं वर्षाला २५०० ची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा पगार महिन्याला १० हजारांवर गेला की २५०० कापतात. माझे कापतात. कंपनीच्या डायरेक्टरचेही तेवढेच, एक पैसा जास्त नाही.