पलटण पोखर्णीला कधी येणार?

प्रति,
व्यवस्थापन,
पुणेरी पलटण, पुणे



पत्रावरचं गावाचं नाव वाचून नकाशा उघडला असेल, तर परभणी शोधा. परभणीहून परळीकडं जाणाऱ्या लोहमार्गावर, गंगाखेडच्या अलीकडं आमचं स्टेशन लागतं. गाव नृसिंहाचं, म्हणून पोखर्णी नृसिंह. आमच्या हॉटेलावरच्या बैठकीत एक जुनं मत आहे, की हा देव मूळचा डिफेंडर. हिरण्यकशिपूला त्यानं ना आत गाठलं, ना बाहेर. बरोब्बर उंबऱ्यावर, म्हणजे मध्यरेषेवर धरलं आणि मांडीवर घेतलं. आमचे भजनी मंडळातले आबा याला पहिली अव्वल पकड म्हणतात. त्यांच्यापुढं कोण बोलणार?

आम्ही तुमच्या कबड्डी संघाचे पाठीराखे. पत्र बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं, पण 31 ऑक्टोबर 2025 ची, प्रो कबड्डीच्या अंतिम लढतीची रात्र अजून घशातून खाली उतरलेली नाही. आधी तीच सांगतो.

त्या रात्री लाईट नव्हती. मोबाइल बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवलेला आणि भोवती आम्ही बारा-चौदा जण, मागचे बाकड्यावर उभे. रेंज धड नाही, म्हणून आमचं चित्र अडखळत चालायचं. समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर पोरं बसली होती, त्यांच्या मोबाइलवर तोच सामना चार-पाच सेकंद पुढं असायचा. आमचा गडी अजून मध्यरेषेवर पाय घासतोय तोवर तिकडून आरोळी यायची. बोनस मिळाला की नाही हे आम्हाला आधी रस्त्यापलीकडून कळायचं आणि मग डोळ्यांना दिसायचं. शेवटचं मिनिट आलं. आदित्य शिंदे चढाईला निघाला. पोरगं त्या रात्री जीव तोडून खेळलं होतं. आमच्या मोबाइलवर तो आत शिरत होता आणि समोरची पायरी एकदम गप्प झाली. पोरं ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. गप्प बसली, तेव्हाच आम्ही समजलो. मग चार सेकंदांनी फजल अत्राचलीची पकड आमच्याही पडद्यावर आली. दबंग दिल्ली 31, पुणेरी पलटण 28.

हाच फजल 2022 च्या मोसमात तुमचा कर्णधार होता. हॉटेलवाले मामा एवढंच म्हणाले, "आपल्याच घरचं कुत्रं आपल्याला चावलं." मग त्यांनी मोबाइल उचलून बरणी पुसली. त्या रात्रीच्या चहाचे पैसे त्यांनी कोणाकडूनच घेतले नाहीत. मामांच्या बाबतीत ही घटना पलटणच्या विजेतेपदापेक्षा दुर्मीळ आहे.

तुम्ही म्हणाल, खेळात हार-जीत असायचीच. ते आम्हाला सांगू नका. 2014 मध्ये लीग सुरू झाली तेव्हा आठ संघांत तुम्ही आठवे होतात आणि दुसऱ्या मोसमातही आठवेच. त्या काळात अख्खं हॉटेल मुंबईच्या संघाचं, यू मुंबाचं. त्यांच्या अनुप कुमारनं हसत हसत बोनस घेतला की टेबलं वाजायची. पुण्याच्या बाजूनं आम्ही तिघंच. मी का, तर बहीण पुण्यात दिलेली. दुसऱ्याचा पोरगा चाकणच्या कंपनीत. तिसऱ्याचं यू मुंबावाल्या भावकीशी बांधावरून भांडण, म्हणून तो आमच्याकडं. निष्ठेची सुरुवात अशीच होते, उगाच मोठी कारणं कशाला सांगू? पण पुढं गावात घरटी एकाला पुण्यात काम लागलं आणि पलटणची माणसं वाढत गेली. परभणीवरून लोक चेष्टा करतात, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतात; पण पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत पाळी बदलते तेव्हा गेटवर उभं राहून पाहा, आमच्याकडची बोली किती ऐकू येते ते.

मग दोनदा तिसरा क्रमांक आला. मधे काही वर्षं नुसतीच गेली. डिसेंबर 2022 मध्ये मुंबईला पहिली अंतिम लढत झाली, आपले अस्लम इनामदार आणि मोहित गोयत दोघंही दुखापतीनं बाहेर, आणि जयपूरनं 33-29 असं हरवलं. तेव्हा कोणी फारसं रडलं नाही. अर्धं सैन्य छावणीत पडलेलं असताना गडी लढले, असं सगळे म्हणाले.

आणि 1 मार्च 2024. त्या दिवशी सकाळी दहावीची परीक्षा सुरू झाली होती, पहिलाच पेपर मराठीचा. माझा धाकटा पुतण्या पेपर देऊन आला आणि रात्री आईला "इंग्रजीचा अभ्यास करतो" सांगून हॉटेलावर. हैदराबादची अंतिम लढत, समोर हरियाणा. पहिला डाव संपत आला तेव्हा पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गुण आणले. चार! मध्यंतरात मामांनी भज्यांचा घाणा काढला. शेवटी 28-25. गावात फटाके कुणाकडंच नव्हते, तेव्हा एकानं ट्रॅक्टरचा हॉर्न धरून ठेवला आणि पाटलांचं वासरू दावं तोडून पळालं. ते वासरू शोधायला रात्री अकरा वाजता विजेत्या संघाचे समर्थक बॅटऱ्या घेऊन हरभऱ्याच्या रानात फिरत होते. मिरवणूक म्हणावी तर तीच.

आता तक्रार.

त्या विजयात इराणचा मोहम्मदरेझा शादलू होता. त्याला तुम्ही 2 कोटी 35 लाखांना घेतलं तेव्हा गावातले मास्तर म्हणाले होते, एवढ्यात तालुक्याला इनडोअर हॉल होईल. पण डाव्या कोपऱ्यात उभं राहून तो चढाईपटूच्या घोट्याकडं कसा बघायचा, हे बघून मास्तरांनीच शब्द मागं घेतले. पुढच्या लिलावात तो गेला, 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडं. त्या मोसमात अस्लमचा गुडघा गेला, नाशिकच्या आकाश शिंदेवर कर्णधारपद आलं आणि आपण प्लेऑफपर्यंतही पोचलो नाही. अंतिम लढत मात्र बालेवाडीला होती, 29 डिसेंबर 2024. आपल्या घरी! थोरल्या पुतण्यानं मोठ्या हौसेनं आधीच तिकीट काढून ठेवलेलं. तिथून त्याचा फोन आला. आवाजात काहीच नव्हतं. "काका, शादलू आहे इथं. पण हरियाणाच्या जर्सीत." हरियाणानं पाटण्याला 32-23 हरवलं आणि चषक पुण्यातून हरियाणाला गेला. आपल्या मांडवात दुसऱ्याचं लगीन लागलं, आणि नवरदेव आपल्या ओळखीचा.

लिलावाचे नियम आम्हाला कळतात. पैशाची मर्यादा असते, सगळ्यांना धरून ठेवता येत नाही. त्यावर आमचा राग नाही. जुन्या हुतूतूचा एक प्रकार होता गामिनी, त्यात बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. दुसरा संजीवनी, त्यात समोरचा एक मारला की आपला एक उठायचा. आमचं संजीवनीवालं आहे. शादलू गेला, आदित्य शिंदे उठला. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कोवळा होता तेव्हापासून तुम्ही त्याला सांभाळलंत, वाढवलंत, हेही आम्ही विसरलेलो नाही. गडी येतात आणि जातात. पण मैदान?

2025 च्या मोसमाचे सामने कुठं झाले ते आठवा. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. महाराष्ट्रात एकही नाही. ज्या राज्यात बुवा साळवींचा जन्मदिवस, 15 जुलै, कबड्डी दिन म्हणून पाळतात, ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 मध्ये बर्लिनला जाऊन हा खेळ दाखवला, त्या राज्यातले दोन संघ अख्खा मोसम परमुलखात खेळले. मैदानं ठरवणं तुमच्या एकट्याच्या हातात नाही, आयोजक ठरवतात, हेही माहीत आहे. पण आयोजकांच्या बैठकीत तुमची खुर्ची असते, आमचं बाकडं नसतं. म्हणून पत्र तुम्हाला.

थोरला पुतण्या फुटबॉलचाही नादी आहे. त्यानं एकदा स्कॉटलंडच्या ग्लासगोतल्या रेंजर्सची गोष्ट सांगितली. 2012 मध्ये तो क्लब दिवाळखोरीत निघाला आणि त्याला थेट चौथ्या श्रेणीतून परत सुरुवात करावी लागली. समोर छोट्या गावांचे संघ. तरी त्यांच्या आयब्रॉक्स मैदानावरच्या पहिल्याच लीग सामन्याला पन्नास हजारांच्या आसपास माणूस. आबांनी विचारलं, "एवढं हरल्यावर लोक आले कसे?" पुतण्या म्हणाला, "मैदान तिथंच होतं ना." आम्ही त्यावर बराच वेळ गप्प होतो. त्या 2025 च्या मोसमात आपण गुणतालिकेत पहिले आलो, टायब्रेकरवर दिल्लीकडून पहिला क्वालिफायर हरलो, तरी झुंजून अंतिम फेरी गाठली, आणि एवढ्या सगळ्या प्रवासात आपल्या माणसांना एकदाही तुमच्या नावानं समोरासमोर ओरडता आलं नाही. दिल्लीवाले मात्र स्वतःच्याच शहरात जिंकले.

आणि मोसमाचे ते दोन महिने आमच्याकडं कसे गेले, तेही सांगून ठेवतो. सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस असा कोसळला की सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर कोंब फुटले. कापसाची बोंडं काळी पडली. पंचनामा, केवायसी, तलाठी, परत पंचनामा. दिवसभर हे, आणि रात्री साडेआठ-नऊला हॉटेलावर बरणीसमोर. पलटण जिंकली की मोसमात एक तरी गोष्ट जागच्या जागी आहे असं वाटायचं. ऊसतोडीला गेलेला आमचा एक गडी अंतिम लढतीच्या रात्री फडाच्या वाटेवर, ट्रकच्या टपावर होता. त्यानं निकाल विचारायला फोन केला तेव्हा कोणीच उचलेना. शेवटी मीच उचलला आणि "तीन गुणांनी" एवढंच म्हणालो. कुणाच्या बाजूनं ते त्यानं विचारलं नाही.

तर मागणी अशी. लीगचा सामना पोखर्णीला मागण्याइतके आम्ही खुळे नाही. मोसमाआधी तुम्ही सराव करताच. त्यातला एक सराव सामना इथं पोखर्णीला करा, दोन बाजूंना आपलेच गडी घालून. आणि दुसरं, नव्या पोरांची निवड चाचणी एकदा मराठवाड्यात घ्या. इथल्या पोरानं पुण्याला जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, एक रोज बुडालेला, आणि तिथं उतरल्यावर पहिल्यांदाच पायात मॅटचे बूट. आमची पोरं मातीत, अनवाणी शिकलेली असतात. मातीत पाय थोडा सरकतो, त्या सरकण्यावरच त्यांची पकड बसवलेली असते. मॅट पायाला धरून ठेवतं. माती समजून वळलं की घोटा मुरगळतो, आणि मॅटवर सूर मारला की कोपराची साल जाते. अर्धी चाचणी पाय ओळखण्यातच संपते. पोरगं वाईट नसतं, त्याला फक्त दोन दिवस आधी मॅट दिसायला हवं होतं. माझं स्वतःचं म्हणाल तर मी मातीतच गुडघा घालवला, सेलूकडच्या एका स्पर्धेत, मॅट काय असतं ते गावात कोणाला ठाऊकही नव्हतं तेव्हा. अजून चवडा टाकला की आवाज येतो.

मुलींचंही बघा. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी फक्कीच्या रेघा मारून त्या खेळतात. त्यांतली एक डाव्या पायानं बोनस असा उचलते की यू मुंबावालेसुद्धा टाळ्या वाजवतात.

यायचं असेल तर वैशाखात या, नृसिंह जयंतीच्या सुमारास. रानं मोकळी असतात, लोक गावात असतात. ऊन भयंकर असतं, म्हणून सामना रात्रीच लावावा लागेल. तेरा बाय दहाची जागा आम्ही चाळणीनं माती चाळून, पाणी मारून, रूळ फिरवून तयार ठेवतो. मॅट तुम्ही आणा, खाली भुसकट अंथरायचं की नाही ते सांगा. जेवण गावाकडून. मामांनी सांगितलंय की खेळाडूंना चहा फुकट, व्यवस्थापनाला मात्र शादलूचा हिशेब दिल्यावर.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पोखर्णीच्या हॉटेलावरचे पलटणवाले

ता. क. : धाकटा पुतण्या पत्र वाचून म्हणतो, महत्त्वाचं राहिलंच. येत्या लिलावात काय करायचं ते करा, आदित्यला सोडू नका. त्या चढाईबद्दल इथं कोणीही त्याला काही बोलणार नाही. फक्त ती चढाई झाली तेव्हा आमच्या मोबाइलवर तो चार सेकंद अजून आत होता आणि बाद झालेला नव्हता, एवढं त्याला सांगा.