पाटी, पेटी आणि मास्तर

शाळेत नवे यंत्र आले की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका तटाला वाटते, आता मास्तरांचे काय काम उरले. दुसऱ्याला वाटते, खडू-फळ्याची सर कशालाच येणार नाही. यंत्र वर्गात कोणाच्या हाती राहणार, हा साधा प्रश्न या गदारोळात विचारायचाच राहून जातो. टॅब्लेट आणि लॅपटॉप एकत्र जोडून शिकवण्याच्या पद्धतीचा विचार याच प्रश्नापासून करावा लागेल. मूठभर मुलांवर मराठी वर्ग टिकून असलेल्या वडोदऱ्यासारख्या शहराला तर तो फारच जवळचा आहे.

पद्धत समजायला अवघड नाही. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून टेबलावर राहतो; पुस्तकाची पाने, नकाशे, ध्वनिफिती सारे त्याच्या पोटात. टॅब्लेट मास्तरांच्या हातात, लेखणीसह. टॅब्लेटवर जे लिहिले जाईल ते लॅपटॉपमार्फत भिंतीवर उमटते. दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर असली म्हणजे पुरे. त्यासाठी बाहेरचे इंटरनेट असायलाच हवे असे नाही, आणि वाय-फाय रुसले तर साधी केबलही चालते. फळ्यावर लिहिताना मास्तरांची पाठ वर्गाकडे होते. येथे ती होत नाही. लॅपटॉपला खिळून बसावे लागते, तेही टळते. शेवटच्या बाकापाशी उभे राहून गणित सोडवता येते, आणि मध्येच लेखणी एखाद्या बुजऱ्या मुलाच्या हाती देता येते. तास संपल्यावर फळा पुसला जात नाही. गैरहजर मुलाला तो उद्या दाखवता येतो.

लॅपटॉप ही पेटी आणि टॅब्लेट ही पाटी. नुसती पेटी दिली म्हणजे शिक्षण झाले, अशी समजूत जगात बऱ्याच ठिकाणी महागात पडली आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या चळवळीचा एक प्रयोग २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका लहान शाळेतही झाला होता. पेरू देशाने तर असे लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ च्या पाहणीत गणित आणि भाषा यांच्या गुणांत त्यामुळे म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये मुलामुलांना टॅब्लेट देण्याची प्रचंड योजना आखली आणि वर्षभरातच ती आवरती घेतली. यंत्रे टाकाऊ होती असे नव्हे. ती मुलांच्या हाती गेली आणि मास्तर बाजूला राहिले.

आपल्याकडे गुजरात सरकारने २०१७ मध्ये 'ज्ञानकुंज' योजनेत सातवी-आठवीच्या वर्गांना लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि त्यांच्याबरोबरचा सरंजाम द्यायला सुरुवात केली. पाऊल चांगलेच होते. पण मराठी माध्यमाच्या शिक्षकाची एक अडचण या सरंजामाने सुटत नाही. त्याचे पाठ्यपुस्तक गुजरातच्या मंडळाचे, भाषा मात्र मराठी. महाराष्ट्रातले तयार डिजिटल पाठ पुण्याच्या 'बालभारती'च्या क्रमाने चालतात. ते येथे धड्याला धडा जुळत नाहीत. गुजरातीतले पाठ क्रमाला जुळतात, पण भाषेला नाहीत. दोन भरल्या ताटांच्या मध्ये बसून उपाशी राहावे, तसा हा प्रकार आहे. आपला पाठ आपणच तयार करणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो काढायला पाटी आणि पेटी दोन्ही लागतात.

येथे लेखणीचे महत्त्व नीट ध्यानात घ्यावे. देवनागरी कळफलकावर जोडाक्षरांशी झुंजत वर्ग खोळंबून ठेवणे कोणत्याही मास्तराला परवडणारे नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला भेद कळफलकावर शोधावा लागतो, हाताने लिहिताना तो सहज उतरतो. दुसरे असे की, आपली मुले दिवसभर रस्त्यावर, दुकानांवर, बसवर गुजराती अक्षरे वाचतात. त्या लिपीला शिरोरेघ नाही. मग मराठीच्या वहीतूनही ती हळूच गळते. अशा वेळी दोन्ही लिप्यांतले एकच अक्षर शेजारी शेजारी काढून दाखवण्याइतका उत्तम उपाय नाही, आणि तो तयार पाठात कोण घालणार? उच्चाराचेही तसेच. दुनिया या अर्थाचे 'जग' आणि आज्ञार्थी 'जग' कागदावर एकसारखे दिसतात. कानाला मात्र वेगळे लागतात. मास्तरांनी लिहिता लिहिता म्हटलेले लॅपटॉपमध्ये ध्वनीसह साठवता येते. घरी मराठी तुटपुंजी झालेल्या मुलाला ते पुनःपुन्हा ऐकता येते.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते राज्यभर नेले, हे वडोदरेकराला सांगायला नको. पुढे राज्याच्या ग्रंथालय खात्याने पुस्तकांच्या फिरत्या पेट्यांबरोबर मॅजिक लँटर्नही गावोगाव नेला. त्या दिव्याच्या चित्रांना स्वतःचा आवाज नव्हता. चित्राशेजारी उभे राहून गावाच्या भाषेत सांगणारा माणूस असेल, तरच ते चित्र बोलायचे. मुक्या यंत्राचा हा गुणच म्हणायला हवा!

आता व्यवहाराचे. अंगणातले ऊन खोलीत शिरले की प्रोजेक्टरचे चित्र फिके पडते, तेव्हा पडदे हवेत. वाय-फायवर अक्षर कधी क्षणभर उशिरा उमटते, म्हणून केबल जवळ असावी. लेखणी हरवते, दुसरी हवी. हा खर्च क्षुल्लक आहे, पण मोठ्या खरेदीच्या यादीत नेमक्या याच वस्तू राहून जातात. मग टॅब्लेट 'डेड स्टॉक'च्या नोंदवहीत चढतो आणि कुलपात जातो, कारण फुटला तर भरपाई कोणी द्यायची या धास्तीने त्याला कोणी हात लावत नाही. शिक्षकाला यंत्र मोडण्याची थोडी मोकळीक द्यावी आणि पाठ बसवायला आठवड्यातून दोन तास सोडवून द्यावेत. निवडणुकीच्या याद्या आणि सर्वेक्षणे यांतून हे दोन तास काढणे टॅब्लेट विकत घेण्यापेक्षा कठीण आहे, हे मान्य.

आणि जे पाठ तयार होतील ते शाळेतल्या पेटीत जपून ठेवावेत. शिक्षकाच्या खासगी फोनमध्ये नकोत. वडोदऱ्यात मराठीतून विज्ञान-गणित शिकवणारी पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, आणि तिच्या जागी नव्या नेमणुका मराठीसाठी होतीलच, असे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.