'सी ऑफ' : निरोप की पिटाळणी?

'स्टेशनवर सोडायला येतो' हे आपल्या घरातले नेहमीचे वाक्य. पण त्याचे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केले, 'आय विल कम टू लीव्ह यू', की ऐकणाऱ्या इंग्रजाला वाटते, हा गृहस्थ आपल्याला कायमचा सोडून चालला! पत्नीला माहेरी पाठवताना तरी हे वाक्य जपून वापरावे.

इथे हवे ते क्रियापद 'सी ऑफ'. आपण मराठीतही 'सी-ऑफ करायला गेलो' असे सर्रास म्हणतो. 'ड्रॉप' करणे वेगळे. त्यात वाहनाने नेऊन उतरवले की काम संपले. 'सी ऑफ'मध्ये सामान चढवणे, 'पोहोचलीस की फोन कर' असे चारदा बजावणे आणि गाडी हलेपर्यंत थांबणे, सगळे आले. म्हणजेच समोरचा प्रवासाला निघालेला हवा. पाहुण्यांना नुसते दारापर्यंत पोहोचवले, तर ते 'सी आऊट'.

आता एक नेहमीची चूक. 'आय वेंट टू सी ऑफ हिम' असे मुले हमखास लिहितात. हिम, हर, देम ही सर्वनामे मध्येच यायला हवीत : 'आय वेंट टू सी हिम ऑफ'. नाम असेल तर मात्र 'सी माय ब्रदर ऑफ' आणि 'सी ऑफ माय ब्रदर' दोन्ही चालतात.

खरी गंमत पुढेच आहे. क्रिकेटचे समालोचन ऐकताना 'द ओपनर्स सॉ ऑफ द न्यू बॉल' हे वाक्य तुमच्या कानावर पडले असेल. सुनील गावसकरांनी हे काम वर्षानुवर्षे केले. इथे निरोपाचा संबंध नाही. नव्या चेंडूचा मारा त्यांनी टिच्चून खेळून परतवून लावला, एवढाच अर्थ. कुत्र्याने चोराला पळवून लावले, तरी 'द डॉग सॉ हिम ऑफ'च.

एकाच शब्दात प्रेम आणि पिटाळणी कशी, असे वाटते ना? आपली 'बोळवण' आठवा. माहेरवाशिणीची बोळवण खणानारळाने होते आणि मागणाऱ्याची बोळवण चार गोड शब्दांवर. कोणती बोळवण, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. 'सी ऑफ'चेही तसेच : कोणाला, हे पाहावे.

'सेंड ऑफ'ला मात्र खरेच जपावे. 'सेंड-ऑफ' हे नाम म्हणजे निरोप समारंभ. पण 'सेंट ऑफ' हा फुटबॉलमधला लाल कार्डाचा शब्द. ९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिनेदिन झिदान यांनी प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर डोके हाणले आणि ते 'सेंट ऑफ' झाले. तो त्यांच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना होता. म्हणजे 'सेंड-ऑफ' व्हायचा, तिथे 'सेंट ऑफ' झाले!

तेव्हा कार्यालयातले साहेब निवृत्त झाले, तर अहवालात 'ही वॉज सेंट ऑफ' असे लिहू नका. 'वुई गेव्ह हिम अ सेंड-ऑफ' असे लिहा. त्यातला तो छोटासा 'अ'ही विसरू नका.