एकही गोळी न झाडलेल्या जवानाचा मान कमी असतो का?

३ फेब्रुवारी २०१६. सियाचिनमधल्या सोनम चौकीवर हिमस्खलन झालं आणि १० जवान बर्फाखाली गाडले गेले. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले. देशभर त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या, पण ११ फेब्रुवारीला दिल्लीतल्या लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं. बाकीच्या नऊ जणांत सातारा जिल्ह्यातला एक जवान होता. तो नर्सिंग असिस्टंट होता, म्हणजे त्याचं काम सोबतच्या जवानांवर उपचार करण्याचं.

त्या दिवशी समोर शत्रू नव्हता. तिथे नोव्हेंबर २००३ पासून शस्त्रसंधी आहे. खरं तर १९८४ पासून सियाचिनवर गमावलेल्या बहुतेक भारतीय जवानांचा जीव गोळीने नाही, तर थंडी, हिमस्खलन आणि विरळ हवेने घेतला आहे.

तरीही जवान गेल्याची बातमी आली की एक प्रश्न हमखास येतो: लढताना गेला का?

शौर्य वेगळं, सेवा वेगळी

शत्रूसमोर उभं राहणं ही वेगळीच गोष्ट आहे, हे मान्यच करायला हवं. त्यासाठी स्वतंत्र सन्मानही आहेत. परमवीर चक्र शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी, तर अशोक चक्र रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी दिलं जातं. पंधरा वर्षं छावणीतलं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेल्या जवानाला परमवीरांच्या रांगेत बसवा, असं कुणी म्हणत नाही. तो स्वतःही म्हणत नाही.

पण पोस्टिंग कुठे होणार, हे जवान ठरवत नाही. रेशनचा ट्रक चालवणारा, रेडिओ संच सांभाळणारा, लंगरमध्ये स्वयंपाक करणारा, सगळ्यांनी 'पाठवाल तिथे जाऊ' हीच शपथ घेतलेली असते. युद्ध कोणाच्या वाट्याला येईल, हा बराचसा योगायोग. त्यावरून सेवेचा मान ठरवणं पटण्यासारखं नाही.

कागदावर काय फरक पडतो?

'शहीद' हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण सैन्यदलांच्या नियमांत तो नाही, असं सरकारने वेळोवेळी स्पष्ट केलंय. नियमांत आहेत 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी'. मृत्यू कुठल्या रकान्यात पडतो, यावर घरच्यांचं पुढचं आयुष्य ठरतं.

सातव्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेले सानुग्रह मदतीचे दर पाहा. कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू झाल्यास २५ लाख. सीमेवरच्या चकमकीत ३५ लाख. युद्धात शत्रूच्या कारवाईत ४५ लाख. आणि ठरावीक अतिउंचीवरच्या किंवा दुर्गम चौक्यांवर हवामानामुळे मृत्यू झाल्यास? तिथेही ३५ लाख. म्हणजे बर्फाने घेतलेला जीव आणि चकमकीत गेलेला जीव या नियमात एकाच पंक्तीत आहेत.

पेन्शनमध्ये फरक आणखी मोठा आहे. उदारीकृत कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराइतकं असतं, विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के आणि साधं ३० टक्के.

बारा वर्षांची लढाई

जानेवारी २०१३ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असलेल्या एका नायकाला कडाक्याच्या थंडीत श्वास घ्यायला त्रास होऊ लागला आणि हृदयक्रिया बंद पडून त्याचा मृत्यू झाला. नोंद आधी 'बॅटल कॅज्युअल्टी' अशी झाली, नंतर ती 'फिजिकल' करण्यात आली. बाकीचे लाभ मिळाले, पण पत्नीला उदारीकृत पेन्शन नाकारलं गेलं.

ती सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेली आणि २०१९ मध्ये जिंकली. त्यावर केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने सरकारचं अपील फेटाळलं. या महिलेला इथपर्यंत ओढायलाच नको होतं, असं सुनावत तिला खर्चापोटी ५० हजार रुपये देण्याचा आदेश दिला.

नवरा गेला त्याला तोवर जवळपास बारा वर्षं झाली होती.