चेन नव्हे, अख्खा सेट घ्या!

परफॉर्मन्स कारवाल्यांच्या गप्पा कधी ऐकल्यात? टर्बो, रिमॅप, एक्झॉस्ट, अलॉय... प्रत्येक विषयावर किमान दोन तास! पण इंजिनाच्या एका अंगाला, झाकणाआड बसून सगळा कारभार सांभाळणाऱ्या टायमिंग चेनचं नाव निघतं ते थेट टोइंग व्हॅन बोलावल्यावर. आणि तेव्हा साधारण उशीर झालेला असतो. म्हणून आजचा कॉलम तिच्या नावावर.

उदाहरणाला स्कोडा लॉरा आरएस घेऊ. २०११मध्ये ही गाडी आपल्याकडे आली. जुळणी औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला (शहराचं आताचं नाव छत्रपती संभाजीनगर). १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १६० पीएस, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. ‘बॉस, एक्स्प्रेस-वेवर सॉलिड पळते’ म्हणत पहिल्या-दुसऱ्या बोनसमध्ये सेकण्ड हॅण्ड उचलावी अशीच. मात्र या गाड्या आता म्हाताऱ्या होऊ लागल्यात. गाडीच्या किमतीत आणि इंजिन उघडण्याच्या खर्चात फारसं अंतर उरलेलं नाही. त्यामुळे चेनचा निर्णय हा खरं तर गाडी ठेवायची की भंगारात घालायची, याचा निर्णय आहे.

चेन करते काय?

खाली क्रँकशाफ्ट फिरतो, वर कॅमशाफ्ट. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. टॅकोमीटर सहा हजारांवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो नि मिटतो. हे सगळं पिस्टनच्या तालात व्हायला हवं. तो ताल राखते ती चेन. ती ढिली पडून स्प्रॉकेटचे दात ओलांडून गेली की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही जातो.

सायकलची चेन जुनी झाली की कशी उतरायला लागते, आठवतंय? तसंच इथे. ‘चेन ताणली गेली’ असं मेकॅनिक म्हणतो खरा, पण लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. कड्यांचे जोड झिजतात. प्रत्येक जोडात केसभर झीज झाली तरी सगळी मिळून चेन लांब होते. झीज वाढवणारा मोठा व्हिलन म्हणजे जुनं, काळंकुट्ट तेल. कमी तेलही तितकंच वाईट, कारण चेनला ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो.

खरा गुन्हेगार वेगळाच

आता या इंजिनाची गोम ऐका. फोक्सवॅगन समूहाच्या १.८ आणि २.० टीएसआय इंजिनांच्या सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये अनेकदा चेनआधी टेन्शनरच दगा देतो. इंजिन बंद असताना तेलाचा दाब नसतो. तेव्हा टेन्शनरचा दांडा मागे सरकू नये म्हणून आत एक खाचांची कळ असते. जुन्या बनावटीत ही कळ सुटायची, दांडा मागे जायचा आणि सकाळी स्टार्टर मारल्या मारल्या चेन दात सोडायची. कंपनीने पुढे टेन्शनरची बनावट बदलली. अमेरिकेत या टेन्शनरवरून मालक कोर्टात गेले आणि २०१८मध्ये तिथल्या मालकांपुरती तडजोडही झाली. आपल्याकडच्या मालकांना मात्र आपलं आपणच बघायला हवं.

म्हणूनच थंड इंजिन सुरू करताना पहिल्या सेकंद-दोन सेकंदांची खडखड कानाआड करू नका. ‘जुनी गाडी आहे, आवाज येणारच’ असं म्हणणाऱ्या मित्राला चहा पाजा आणि वाटेला लावा. या इंजिनात तपासणी सोपी आहे. खालच्या टायमिंग कव्हरला एक रबरी बूच असतं. ते काढलं की टेन्शनर दिसतो. कोणत्या बनावटीचा आहे ते कळतं आणि दांडा किती बाहेर आलाय ते खाचा मोजून समजतं. खूप खाचा दिसत असतील तर चेन लांबली. चांगला स्कॅनर असेल तर कॅम आणि क्रँकमधला कोनाचा फरकही दिसतो. तेव्हा खर्चाला हो म्हणण्याआधी ही तपासणी करून घ्या.

बाजारात चार पर्याय

पहिला, कंपनीचा ओरिजिनल पार्ट. चॅसिस नंबर देऊनच मागवा. पार्ट नंबरच्या शेवटच्या अक्षराकडे नीट बघा, कारण सुधारित बनावट त्या अक्षरावरूनच ओळखता येते. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला जुन्या बनावटीचा टेन्शनर ‘ओरिजिनल’ असला तरी तुमच्या कामाचा नाही.

दुसरा, नामांकित पार्ट कंपन्यांचा माल. म्युनिकची इविस १९१६पासूनची, शेफलरचा आयएनए ब्रँड, जपानची त्सुबाकी. या मंडळी गाड्यांच्या कारखान्यांनाही माल देतात. पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवा. बॉक्स सीलबंद हवा आणि बिल पक्कं हवं. नाना पेठेत घ्या किंवा ऑनलाइन, डुप्लिकेट माल सगळीकडेच असतो.

तिसरा, बिननावाचा स्वस्त सेट. दिसायला चकाचक, नवा कोरा. पण पिनांचं पोलाद किती कडक आहे आणि गाईडचं प्लास्टिक गरम तेलात किती टिकेल, हे डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते पुढे, ऑइल संपमध्ये पडलेल्या तुकड्यांवरून. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर उतरवलेल्या इंजिनाची चेनही नकोच. दुसऱ्याची झीज आपण पैसे देऊन का घ्यावी?

चौथा पर्याय सगळ्यात मोहात पाडणारा, ‘रेसिंग’ किंवा ‘हेवी ड्यूटी’ चेन. हा सगळाच भूलथापांचा मामला नाही. जुन्या मिनी कारच्या इंजिनात एकेरी चेन काढून दुहेरी टाकणं हा मान्यवर उपाय आहे. पण ती चेन आपल्या स्प्रॉकेटसह येते आणि त्या इंजिनात तिला जागा असते. आपल्या टीएसआयमध्ये चेनची रुंदी, स्प्रॉकेट, गाईड सगळं एकमेकांच्या मापाचं. एकच गोष्ट जाड करून भागत नाही.

‘पण मी स्टेज वन रिमॅप केलंय!’ असं कुणी म्हणेल. केलंत, छान केलंत. रिमॅपने वाढलेली ताकद क्रँकवरून गिअरबॉक्सकडे जाते, चेनमधून जात नाही. चेनवरचा भार ठरतो तो मुख्यतः इंजिनाच्या वेगावर, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवर आणि कॅमवर चालणाऱ्या हाय-प्रेशर फ्युएल पंपावर. रेव्ह लिमिट वर नेलीत, कडक स्प्रिंग आणि मोठा पंप टाकलात, तर ट्यूनरशी चेनविषयी वेगळं बोला. नाहीतर चांगल्या प्रतीची स्टँडर्ड चेन पुरे.

काय काय एकदमच बदलायचं?

या कामात पार्टपेक्षा मजुरी भारी. पुढचं सगळं उघडावं लागतं. तेव्हा एकटी चेन बदलून झाकण लावणं म्हणजे जुन्या वायरिंगवर नवा एसी बसवणं. टेन्शनर, गाईड आणि चेन हा एक सेट धरा. बॅलन्स शाफ्टला वेगळी चेन असते. तीही तपासा, शंका असेल तर बदला. स्प्रॉकेटचे दात बघा. क्रँकचा बोल्ट घट्ट करताना मुद्दाम ताणला जातो, तो परत वापरायचा नाही. कॅमच्या ब्रिजमध्ये तेलाची एक चिमुकली जाळी असते. ती तुटून कॅम अॅडजस्टरमध्ये गेली तर नवा खर्च, म्हणून ती आहे ना, एवढं बघायला सांगा. सील आणि तेल-फिल्टर नवं हे ओघानं आलंच.

मेकॅनिकला तीन प्रश्न

एक : ‘या इंजिनाची लॉकिंग टूल्स आहेत का?’ क्रँकचा बोल्ट सैल केला की इथलं स्प्रॉकेट जागेवरून सुटू शकतं. अंदाजपंचे काम चालत नाही. दोन : ‘चेन बसवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या, सरळ दिशेनेच फिरवून खुणा परत तपासणार ना?’ तीन : ‘जुने पार्ट मला देणार ना?’ तिन्हींना बिनदिक्कत ‘हो’ म्हणणारा माणूस शोधा. मग तो शोरूममधला असो की गल्लीतला.

आणि चेन बदलल्यावर? कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच तेल घाला, मुदतीच्या थोडं आधीच बदला. महिन्यातून एकदा डिपस्टिक काढून बघा. ही इंजिनं तेल प्यायलाही प्रसिद्ध आहेत.

सेकण्ड हॅण्ड लॉरा बघायला जात असाल तर गाडी रात्रभर बंद असलेली हवी, असं मालकाला आधीच सांगा. तुम्ही पोहोचण्याआधी बॉनेट गरम असेल तर समजून जा. चेन आणि टेन्शनरचं बिल मागा. नसेल तर त्या कामाचा अंदाज घेऊन तेवढे पैसे किमतीतून कापा. मालक नाही म्हणाला तर? शांतपणे रिक्षा पकडा. गाड्या अजून बऱ्याच आहेत.