दसऱ्याचा रंग दिवाळीला का उडतो?

खंडेनवमी जवळ आली की घरातल्या गाडीचं नशीब उघडतं. वर्षभर धुळीत उभी असलेली स्कूटर घासूनपुसून काढली जाते. मडगार्डवरचा जुना ओरखडा अचानक डोळ्यांत खुपू लागतो. मग घरातलं कुणीतरी उत्साही माणूस दुकानातून रंगाचा स्प्रे कॅन घेऊन येतं. गॅरेजवाला हजारांच्या भाषेत बोलतो, कॅन काही शे रुपयांत मिळतो. रविवारची सकाळ खर्ची पडते, खाली वर्तमानपत्रं अंथरली जातात, फुस्स फुस्स आवाज होतो आणि दुपारपर्यंत गाडी नवीकोरी दिसू लागते. दसऱ्याला झेंडूचा हार चढतो, शेजारीपाजारी कौतुक करतात. आणि दारावर आकाशकंदील लागेपर्यंत त्याच मडगार्डवर पोपडा सुटलेला असतो!

दोष कुणाचा? बहुतेक जण कॅनला बोल लावतात. प्रत्यक्षात कॅनचं झाकण उघडण्यापूर्वीच त्या रंगाचं आयुष्य बरंचसं ठरलेलं असतं. ते ठरवणाऱ्या गोष्टी तीन: हवा, रंगाची जात आणि रंगाखालचा पत्रा.

सण एक, आकाश दोन

हवेचा हिशेब समजून घ्यायचा तर तामिळनाडूत कुंभकोणमला लागून असलेल्या साक्कोट्टै या गावाकडे पाहावं. अमृतकलशनाथाच्या प्राचीन शिवमंदिराचं हे गाव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. चहूकडे भाताची शेतं, कालवे आणि पाणी. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. व्यंकोजीराजे भोसल्यांनी सतराव्या शतकात जवळच्या तंजावरला जी गादी स्थापली, ती १८५५ सालापर्यंत टिकली. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं पुजतात, त्याच दिवशी तिकडे आयुधपूजा असते. सायकलपासून बसपर्यंत वाहनं धुतली जातात, त्यांच्यावर चंदन-कुंकवाचे टिळे लागतात, केळीची रोपं बांधली जातात, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं.

सण एकच, पण आकाश वेगळं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांतून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. तामिळनाडूत मात्र त्याच महिन्याच्या उत्तरार्धात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो. राज्याच्या वर्षभरातल्या पावसाचा जवळपास अर्धा वाटा या तीन महिन्यांतला. म्हणजे साक्कोट्टैत आयुधपूजेसाठी रंगवलेल्या गाडीचा रंग नीट कडक होण्याआधीच पावसाळा चालून येतो. आपल्या कोकणात मेअखेरीस रंगवलेल्या गाडीची हीच गत होते.

दमट हवा रंगाचं नेमकं काय बिघडवते? हातावर स्पिरिट लावलं की गार वाटतं, कारण ते उडून जाताना त्वचेची उष्णता ओढून घेतं. रंगातलं थिनरही तसंच करतं. रंगाचा ओला थर गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते. ते पाणी ओल्या रंगात अडकलं की चकचकीत काळी टाकी धुकं साचल्यासारखी पांढुरकी दिसू लागते. पेंटर याला 'ब्लशिंग' म्हणतात. हे नुसतं दिसायला वाईट नसतं. असा थर कच्चा राहतो, त्याची पकड ढिली असते.

म्हणून पावसाळी दिवशी, पहाटेच्या दवात किंवा सूर्यास्तानंतर कॅन हातात घेऊ नये. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावरही फवारू नये. तिथं रंगाचे थेंब पसरण्याआधीच वाळतात आणि खरखरीत थर बसतो. कोरडी हवा, सावली आणि हाताला गारही नाही, गरमही नाही असा लागणारा पत्रा, हा खरा मुहूर्त!

नेलपॉलिशचा भाऊबंद

कॅनवरची झगमगती मोटार पाहून आतला रंगही कारखान्यातल्यासारखाच असेल असं वाटतं. तसं नसतं. कारखान्यात गाडीचा सांगाडा रसायनांनी धुऊन प्राइमरच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्यानं पहिला थर चढवतात. त्यावर रंग आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट बसतो. हे थर भट्टीत, साधारण १४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानात भाजले जातात. सगळे मिळून जाडी जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. पण भट्टीत त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि त्यांची घट्ट जाळी तयार होते.

साध्या कॅनमधले पुष्कळ रंग नुसतं थिनर उडून वाळतात. घरातलं याचं उत्तम उदाहरण म्हणजे नेलपॉलिश. ते कितीही वाळलेलं असो, रिमूव्हरचा बोळा फिरवला की पुन्हा विरघळतं. अशा साध्या कॅनच्या रंगावर पेट्रोल भरताना चार थेंब सांडले की तो मऊ पडतो, बोटाला चिकटतो, तो याच कारणानं. पेट्रोलच्या टाकीवर घरगुती रंग टिकत नाही याचं मर्म इथं आहे.

गंमत म्हणजे नेलपॉलिशमधलं नायट्रोसेल्युलोज एके काळी मोटारींच्या रंगाचं राजा होतं. १९२० च्या आधी मोटारीवर व्हार्निशचे थर ब्रशनं द्यावे लागत आणि ते वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. १९२३ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीनं 'ड्यूको' हा झटपट वाळणारा, फवारता येणारा रंग आणला आणि मोटारी भराभर रंगू लागल्या. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला की सुतार आणि पेंटर फवाऱ्याच्या रंगाला आजही ड्यूको म्हणतात. स्प्रे कॅन त्यानंतरचा. १९४९ साली इलिनॉयमधल्या एडवर्ड सीमोर यांनी रंग वायूच्या दाबाखाली डब्यात भरला. कल्पना त्यांच्या पत्नीची, बॉनी यांची! तेव्हा रंग होता ॲल्युमिनियमचा आणि काम होतं घरातले रेडिएटर रंगवण्याचं. थोडक्यात, स्प्रे कॅनचा जन्म घरच्या किरकोळ कामासाठी झाला. अख्खी मोटार रंगवण्याचं ओझं त्याच्यावर आपण टाकलं.

हल्ली हार्डनर असलेले 'टू-के' कॅनही मिळतात. तळाचं बटण दाबलं की आतली हार्डनरची कुपी फुटते, ती रंगात मिसळते आणि रासायनिक क्रियेनं घट्ट थर तयार होतो. हा रंग पेट्रोल, ऊन आणि पाऊस यांना खूपच चांगला दाद देत नाही. मात्र बटण दाबल्यावर तो कॅन थोड्याच अवधीत, बहुधा एक-दोन दिवसांत, संपवावा लागतो. आणि त्याची खरी किंमत वेगळीच आहे. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्यानं दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढं अगदी थोड्या मात्रेनंही श्वास कोंडतो. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क इथं पुरत नाही. हे काम पुरेशी साधनं असलेल्या वर्कशॉपलाच द्यावं.

तंजावरच्या चित्रांचा धडा

साक्कोट्टैपासून जवळच असलेल्या तंजावरच्या चित्रकलेला मराठा राजांच्या काळात मोठा आश्रय मिळाला. या चित्रांचं सोनं आणि रंग डोळ्यांत भरतात, पण कारागिराचा वेळ आधी जातो तो पायात. लाकडी फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचे लेप द्यायचे, ते घासून गुळगुळीत करायचे, आणि मग कुठं चित्राला हात घालायचा. गाडीच्या पत्र्याला हाच नियम लागू आहे. रंग रंगाच्या बळावर टिकत नाही, तो खालच्या थराच्या बळावर टिकतो.

म्हणून घरच्या कामात वेळेचा मोठा वाटा तयारीला द्यावा. आधी साबणाच्या पाण्यानं धुणं, मग मेण आणि तेलाचा अंश काढणं. गाडी चमकवण्याच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं. त्याचा ठिपका राहिला तरी नवा रंग तिथून मागं सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. त्यानंतर गंज. गंजावर रंग मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. वरून सगळं झाकलेलं दिसतं, आत गंज पसरत राहतो आणि काही आठवड्यांत फोड येतात. चमकणारा पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरनं घासावं आणि उघड्या पत्र्यावर लगेच प्राइमर द्यावा.

खड्डा असेल तर लांबी भरावी. पण लांबी पाणी शोषते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ती ओल्या कागदानं घासली आणि पूर्ण वाळू न देता रंग दिला की अडकलेलं पाणी पुढं फुगे आणतं. लांबी कोरडीच घासावी. प्राइमर वाळल्यावर आठशे नंबरच्या बारीक कागदानं हलकेच घासलं की रंगाला पकड मिळते. प्लॅस्टिकच्या बंपरला मात्र साधा प्राइमर चालत नाही, प्लॅस्टिकसाठीचा वेगळा मिळतो.

मग येतो कॅन. आतली गोळी खडखडू लागल्यावर पुढं निदान दोन मिनिटं हलवावा. पत्र्यापासून अंतर साधारण एक वीत. हात एका जागी न थांबवता सरळ फिरवावा, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच बंद करावा. एकदाच जाड थर दिला तर ओघळ येतात आणि आतला रंग मऊ राहतो. त्यापेक्षा तीन-चार पातळ हात द्यावेत, दोन हातांमध्ये कॅनवर सांगितलेला वेळ सोडावा. जुन्या रंगावर नवा फवारण्याआधी लपलेल्या जागी ठिपकाभर करून पाहावं. दोघांचं जमलं नाही तर जुना रंग सुरकुत्या पडून उठतो. शेवटी क्लिअर कोट हवाच. ऊन पहिल्यांदा त्याच्याशी झुंजतं. तो नसला की लाल रंग विटकरी दिसू लागतो आणि हात फिरवला तर बोटाला पावडर लागते.

कुठे हात आखडावा?

एका सामान्य कॅनमध्ये ४०० मिलिलिटरच्या आसपास माल असतो. त्यात एक-दोन चौरस मीटरवर एक हात होतो. या हिशेबानं मडगार्ड, आरशाची पाठ, चाकाची वाटी, बंपरचा कोपरा, सायकल ही कॅनची कामं. नीट केली तर ती वर्षानुवर्षं साथ देतात. बॉनेट, छत आणि पेट्रोलची टाकी ही कॅनची कामं नव्हेत. सायलेन्सरला उष्णता सोसणारा वेगळा रंग लागतो. ब्रेकच्या डिस्कवर फवारा अजिबात जाऊ नये.

हेल्मेट तर कधीच रंगवू नये. रंगातल्या थिनरनं त्याचं प्लॅस्टिकचं कवच आतून कमकुवत होऊ शकतं आणि ते वरून दिसतही नाही. गाडीचा रंग बिघडला तर पैसे जातात, हेल्मेट बिघडलं तर जीव.

घराचीही काळजी हवी. कॅनमधला दाबाचा वायू चटकन पेट घेतो. शेजारी गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती, विडी काहीही नको. काम उघड्यावर करावं, मुलांना आणि दमेकऱ्यांना दूर ठेवावं. कॅन उन्हातल्या गाडीत ठेवून जाऊ नये, रिकामा झाला तरी विस्तवात टाकू नये. तो बॉम्बसारखा फुटतो.

आणखी एक गोष्ट सरकारी. गाडीचा रंग नोंदणीच्या कागदांत लिहिलेला असतो. ओरखडा झाकणं वेगळं आणि निळ्या गाडीची लाल करणं वेगळं. पूर्ण रंग बदलायचा तर आरटीओत रीतसर नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावं. नाहीतर रस्त्यावर आणि अपघातानंतर दाव्याच्या वेळी, दोन्हीकडे उत्तरं देत बसावं लागतं.

चिकटपट्टीची परीक्षा

काम टिकेल की नाही हे आठवड्याभरानं घरीच तपासता येतं. न दिसणाऱ्या कोपऱ्यात ब्लेडनं बारीक चौकटी आखाव्यात, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्यात ओढावी. चौकटी जागेवर राहिल्या तर पकड उत्तम. पट्टीबरोबर रंग उठला तर पावसाची वाट पाहू नये, तेवढा भाग पुन्हा घासून करावा. तपासणी झाली की त्या कोपऱ्यावर रंगाचा हात देऊन पत्रा झाकावा. बोटाला कोरडा लागणारा रंगही पूर्ण कडक व्हायला बरेच दिवस घेतो. तोवर प्रेशरनं धुणं नको, कव्हर घालणं नको, हार चिकटपट्टीनं डकवणंही नको.

म्हणूनच रंगाचा दिवस पंचांगापेक्षा आकाश पाहून ठरवावा. महाराष्ट्रात दसऱ्यासाठी रंगवायचं तर सलग कोरडे दिवस मिळाले तरच, आणि सणाच्या आठवडाभर आधी. नाहीतर दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. साक्कोट्टैसारख्या ठिकाणी पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत थांबण्यात शहाणपण आहे. तोवर ओरखड्याखालचा पत्रा उघडा पडला असेल तर तो पुसून कोरडा करावा आणि घरातल्या पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब त्यावर लावावा. गंजाला तेवढ्यानंही काही आठवडे दाराबाहेर थांबावं लागतं. खंडेनवमीला गाडी नुसती स्वच्छ धुतलेली असली तरी पुरे. पूजा अवजाराची असते, त्याच्या रंगाची नव्हे.