सायकल चोरीला जाते तेव्हा

घरातील वस्तूची किंमत दोन रीतींनी ठरते. एक बाजारातील भाव. आणि दुसरी, ती वस्तू नसेल तर उद्याचा दिवस कसा पार पडेल हा विचार. या दोन किमतींमध्ये सर्वाधिक अंतर कोणत्या वस्तूत असेल, तर ते सायकलीत. वापरलेली साधी सायकल विकावयास काढली, तर हाती येणारी रक्कम सांगण्याचाही संकोच वाटावा. परंतु पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा विद्यार्थी, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून गावात दूध घालणारा गवळी, मुंबईच्या गर्दीतून जेवणाचे डबे पोहोचविणारा डबेवाला, यांच्यासाठी तीच सायकल म्हणजे दिवसाची कमाई होय. मानव विकास कार्यक्रमात ग्रामीण भागातील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात, त्याही याच जाणिवेतून. शाळा तीन-चार किलोमीटर दूर असली आणि सायकल नसली, की पुष्कळदा मुलीचे शिक्षणच थांबते.

म्हणूनच 'सायकलच तर गेली' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी आपण थोडे थांबावे. या सदरात आपण घरगुती व्यवहारातील लहान वाटणाऱ्या गोष्टींचा विचार करीत असतो. सायकलीची चोरी ही तशीच गोष्ट आहे. तिची बातमी होत नाही, तक्रार क्वचितच होते. आणि तक्रार होत नाही म्हणूनच चोराचे फावते.

या विषयावर जगातील एक श्रेष्ठ चित्रपट निर्माण झालेला आहे. इटालीचे दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' हा चित्रपट १९४८ साली प्रदर्शित झाला. १९५२ साली मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्या वेळी तो येथील रसिकांनीही पाहिला. महायुद्धानंतरचे रोम शहर, सर्वत्र बेकारी. अंतोनियो नावाच्या गृहस्थाला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते; पण अट अशी, की स्वतःची सायकल हवी. त्याची सायकल गहाण पडलेली असते. पत्नी घरातील चादरी गहाण टाकून ती सोडविते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीस जाते. पोलीस तक्रार लिहून घेतात. शोध मात्र त्यालाच घ्यावा लागतो. लहानग्या ब्रूनोला बरोबर घेऊन तो जुन्या सायकलींचा बाजार धुंडाळतो. एके ठिकाणी एक जण सांगाड्याला रंग देत बसलेला दिसतो. अंतोनियोला संशय येतो, तो पोलिसाला बोलावतो आणि सांगाड्यावरील क्रमांक पाहिला जातो. तो जुळत नाही.

चित्रपटाचा शेवट मनाला चटका लावणारा आहे. हताश झालेला बाप स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलतो आणि पकडला जातो. मुलगा हे सारे पाहत असतो. त्या रडवेल्या मुलाकडे पाहून सायकलीचा मालक तक्रार न करता अंतोनियोला सोडून देतो. जो दिवसभर चोराच्या शोधात होता, तोच संध्याकाळी चोर ठरला. परिस्थितीने माणूस कोठवर जाऊ शकतो आणि एका अनोळखी माणसाच्या क्षमेने तो कसा वाचू शकतो, या दोन्ही गोष्टी या कथेत आहेत.

दुसरी हकीकत प्रत्यक्ष घडलेली. १९५४ साली अमेरिकेतील लुईव्हिल शहरात बारा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाची नवी सायकल चोरीस गेली. मुलगा रडत, संतापत पोलीस अधिकारी जो मार्टिन यांच्यापुढे उभा राहिला. चोर सापडला तर त्याला चांगला बदडून काढीन, असे तो म्हणू लागला. मार्टिन तेथेच मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असत. कोणाला आव्हान देण्याआधी लढावयास तर शीक, असे त्यांनी त्याला सुचविले. मुलगा शिकू लागला. सहा वर्षांनी, १९६० साली, त्याने रोमच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. त्या मुलाचे नाव कॅशियस क्ले. पुढे जग त्याला मुहम्मद अली या नावाने ओळखू लागले. त्याची सायकल मात्र परत मिळाली नाही.

या प्रसंगाकडे पालकांच्या दृष्टीने पाहण्याजोगे एक अंग आहे. शाळेतून किंवा शिकवणीहून मूल घरी येते, हातात किल्ली असते आणि सायकल नसते. त्या क्षणी आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? 'कुलूप लावले होतेस का?' हाच बहुधा. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याची वेळ चुकीची असते. ज्याची वस्तू गेली त्यालाच आरोपीच्या जागी उभे केले, की मूल पुढच्या वेळी खरे सांगावयास कचरते. मार्टिन यांनी त्या मुलाला दटावले नाही, त्याच्या रागाची थट्टाही केली नाही. रागाला एक वाट काढून दिली. आपल्या मुलाला 'चल, आपण दोघे आधी तेथे जाऊन पाहू, मग पोलीस ठाण्यात जाऊ' एवढे म्हटले, तरी आपण एकटे नाही हे त्याला उमगते.

आता व्यवहाराकडे वळू. चोरीस गेलेली सायकल कधीकधी परत मिळते. ती साधारणपणे तीन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग असा, की कोणी तात्पुरती गरज म्हणून सायकल उचलतो आणि काम झाल्यावर रेल्वे स्थानकाजवळ, बसथांब्यावर किंवा मैदानाच्या कडेला सोडून देतो. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत अशा जागा पाहून याव्यात. दुसरा मार्ग असा, की पोलीस एखाद्या चोराला पकडतात आणि त्याच्याकडे एकदम अनेक सायकली सापडतात. तिसरा मार्ग म्हणजे मालकालाच आपली सायकल कोठेतरी दिसते. दुरुस्तीच्या दुकानात, जुन्या बाजारात किंवा मोबाईलवरील विक्रीच्या जाहिरातीत.

या तिन्ही मार्गांवर एकच अडचण उभी राहते. ती म्हणजे ओळख पटविण्याची. 'माझी सायकल काळ्या रंगाची होती' एवढ्याने भागत नाही, कारण काळ्या सायकली शेकड्यांनी असतात आणि रंग तासाभरात बदलतो. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक मात्र सहज बदलत नाही. तो बहुधा पॅडलच्या आसाखाली, खालच्या बाजूस, किंवा सीटच्या नळीवर असतो. सायकल उलटी करून, चिखल पुसून तो वाचावा, वहीत लिहून ठेवावा आणि मोबाईलमध्ये त्याचे छायाचित्र काढावे. संपूर्ण सायकलीचे एक छायाचित्र आणि खरेदीची पावती यांचीही जोड द्यावी. जुन्या सायकलीची पावती हरवलेली असेल, तर जो कारागीर ती नेहमी दुरुस्त करतो त्याची साक्ष मोलाची ठरते. आपण बसविलेली आरी, आपण केलेला डाग तो पुष्कळदा ओळखतो. सीटच्या नळीत आपले नाव लिहिलेली चिठ्ठी गुंडाळून ठेवणे हाही बिनखर्चाचा उपाय आहे.

आपल्याकडे पूर्वी अनेक नगरपालिका सायकलींवर कर आकारीत आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. लोकांना तो जाच वाटे. परंतु त्यामुळे सायकलीची कोठेतरी नोंद राही. पुढे तो कर गेला आणि त्याबरोबर नोंदही गेली. जपानमध्ये सायकलीची चोरी-प्रतिबंधक नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्येक सायकलीवर नोंदणीची पट्टी असते आणि बेवारस सायकल सापडली, की पोलीस त्या क्रमांकावरून मालकापर्यंत पोहोचू शकतात. आपल्याकडे अशी व्यवस्था नसल्यामुळे नोंद ठेवण्याचे काम घरातच करावे लागते.

तक्रार करावयास मात्र चुकू नये. चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात दिलेला आहे. या खबरीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ठाण्यात दाद लागली नाही, तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते. पोलिसांना सायकली सापडूनही मालक सापडत नाहीत, याचे मोठे कारण हेच, की मालकांनी तक्रारच दिलेली नसते. मग त्या सायकली ठाण्याच्या आवारात ऊनपावसात गंजत राहतात आणि शेवटी बेवारस म्हणून लिलावात जातात.

सायकल सापडल्यावरही ती मुद्देमाल म्हणून जमा असते. खटला संपेपर्यंत ती मिळणार नाही, या समजुतीने पुष्कळ जण नाद सोडून देतात. ही समजूत बरोबर नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की जप्त वस्तू विनाकारण दीर्घकाळ ठाण्यात ठेवू नयेत. पंचनामा, छायाचित्रे आणि हमीपत्र घेऊन त्या योग्य व्यक्तीच्या ताब्यात द्याव्यात. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. अर्जाला सांगाड्याचा क्रमांक आणि पावती जोडलेली असली, की काम बरेच सोपे होते.

आपली सायकल दुसऱ्याच्या हाती दिसली, तर तेथेच भांडण काढू नये. ज्याच्याकडे ती आहे त्याने ती पैसे मोजून घेतलेली असू शकते. जागा, वेळ आणि शक्य असल्यास क्रमांक टिपून पोलिसांना कळवावे. कायदा येथे मालकाच्या बाजूचा आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व असे, की विकणाऱ्याची जेवढी मालकी, तेवढीच घेणाऱ्याला मिळते. चोराची मालकीच नसल्यामुळे त्याच्याकडून घेणाऱ्यालाही ती मिळत नाही. आणि माल चोरीचा आहे हे ठाऊक असून तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

येथे आपण या विषयाच्या मर्माशी येतो. सायकल चोरणारा बहुधा ती स्वतः वापरण्यासाठी चोरीत नाही, विकण्यासाठी चोरतो. घेणारा नसेल तर चोरी व्यर्थ आहे. आपल्या आचार्यांनी अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगताना 'तदाहृतादान', म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, हा स्वतंत्र अतिचार म्हणून सांगितला, त्यामागे व्यवहाराची हीच सूक्ष्म जाण आहे. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारातही ठेवलेली, पडलेली किंवा विसरलेली परवस्तू न दिली असता घेऊ नये, असा विचार आहे. रस्त्याकडेला महिनाभर धूळ खात उभी असलेली सायकल पाहून 'कोणाचीच दिसत नाही' असे म्हणणाऱ्याने तो विचार आठवावा. ती कोणाची तरी असतेच. फक्त तो कोण, हे आपणास माहीत नसते.

आपल्यापैकी कोणी रात्री कुलूप तोडावयास जाणार नाही. परंतु आठ हजारांची सायकल कोणी दीड हजारांत देऊ लागला, तर 'पावती आहे का?' असे विचारण्याचे धैर्य आपल्यापैकी किती जणांत आहे? व्यापारात पिढ्या घालविलेल्या घरांना भाव कळत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. अर्ध्याहून कमी किमतीत मिळणाऱ्या वस्तूचा उरलेला भाग कोणी तरी भरलेला असतो. बहुधा तो वर्तमानपत्रे टाकणाऱ्या एखाद्या मुलाने भरलेला असतो.

चोरणाऱ्याबद्दलही एक शब्द. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत एक नवी तरतूद आहे. चोरीच्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिचे मूल्य परत केले, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा देण्यात येते. साध्या सायकलींच्या कित्येक चोऱ्या या मर्यादेत बसतील. परतफेड करावयास लावणे आणि तरीही माणसाला तुरुंगाच्या वाटेवर न ढकलणे, हा मध्यममार्ग स्वागतार्ह आहे. वस्तू परत मिळाल्यावर मालकाच्या मनातही सूड न उरावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

सावधगिरीचे उपाय थोडेच आहेत. मागच्या चाकाच्या कुलपावर विसंबू नये. तसे कुलूप असलेली सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. मजबूत साखळी किंवा यू आकाराचे कुलूप घेऊन सांगाडा आणि मागचे चाक, दोन्ही खांबाला किंवा गजाला जखडावेत. इमारतीच्या जिन्याखाली ठेवलेल्या सायकलीलाही कुलूप असावे. ओळखीची जागा आहे म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि तेथेच चोरी होते. सुट्टीत महिनाभर गावी जाताना सायकल आत घ्यावी.

येत्या रविवारी घरातील मुलांना बरोबर घेऊन सायकल उलटी करावी, क्रमांक शोधावा आणि तो वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्यावा. दहा मिनिटांचे काम आहे. आणि कधी जुनी सायकल घ्यावयाची वेळ आली, तर विकणाऱ्याकडे पावती मागताना मुलांना जवळ उभे करावे. त्यांना त्या वेळी काय सांगावयाचे, याचा वेगळा विचार करावा लागणार नाही.